वाचनवय

तासगावला केतकीच्या ताईकडे दिवाळीच्या पाडव्याचं जेवण उरकलं. मोठी माणसं सुपारी कातरत गप्पा मारत बसली आणि जुई नि पर्णा या दोघी मावसबहिणी पुढच्या खोलीत सतरंजीवर पालथ्या पडून आपापल्या पडद्याच्या पाट्यांवर वाचू लागल्या. जुईची आई केतकी पाणी प्यायला उठली, तेवढ्यात दोघी एकदमच खुदकन हसल्या. तिनं वाकून पाहिलं. दोन्ही पाट्यांवर एकच गोष्ट होती: एक आळशी बगळा तळ्यातल्या माशांकडे चष्मा उसना मागत हिंडतो, ती. पानावर मोठाल्या अक्षरांत चार ओळी, बाकी सगळं चित्र.

पर्णाला वाचून दाखवतेस का गं, असं केतकीनं विचारलं.

"नाही," जुई म्हणाली. "वाटाड्यानं मलाच दिलीय. छान आहे."

पर्णाला नुकतंच सातवं लागलं होतं. जुई अकरा वर्षांची होती. केतकी पाणी न पिताच परत फिरली.

मुलांना पुस्तकं सुचवणं हेच केतकी मगदूमचं काम होतं. सांगलीच्या कृष्णाकाठ बालवाचनालयात ती ग्रंथपाल होती. वाटाड्या येण्याआधी हे काम ती नुसत्या अंदाजानं करायची. समोरचं पोर कितव्या वर्षातलं, त्याला भीती कशाची वाटते, गेल्या खेपेचं पुस्तक अर्ध्यावर का टाकलं, हे बोलता बोलता काढून घ्यायची आणि कपाटाकडे जायची. दहापैकी सहा वेळा ते जमायचं. उरलेली चार पोरं पुन्हा फिरकत नसत, आणि त्यांची तिला रुखरुख लागून राही.

मग वाटाड्या आला, वाचायच्या पाटीत बसवलेलं, पुस्तकं निवडून देणारं यंत्र. वाचताना आपली नजर ओळीवरून घरंगळत जात नाही. चिमणीसारखी उड्या मारत जाते. एका शब्दावर क्षणभर टेकते, पुढचे दोन ओलांडते, अडलं की मागे येते. कठीण शब्दावर ती जास्त रेंगाळते, आणि मेंदूला जोर लावावा लागला की डोळ्याची बाहुली किंचित रुंदावते. हे सगळं शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवीन होतं ते पाटीच्या कडेला बसवलेलं मोहरीएवढं भिंग. त्याला या उड्या मोजता येत. मूल वाचू लागलं की त्याच्या नजरेवरून वाटाड्या त्याचं वाचनवय काढी, आणि पुढचं पुस्तक त्या वयाच्या नखभर वरचं निवडी. मूल अडखळू लागलं तर पुढचं नखभर खालचं. त्यामुळे कंटाळा येत नसे नि धडकीही भरत नसे. वर्षभरात वाचनालयात बसायला जागा पुरेना. पुढे शाळांनीही धडे त्याच पद्धतीनं द्यायला सुरुवात केली.

पहिल्या वर्षी वाचनवयाचा आकडा पालकांना दिसायचा, आणि त्यानं घात केला. सोसायट्यांच्या जिन्यांत आकड्यांची तुलना होऊ लागली. एका बापानं आठवीतल्या मुलाला आकडा कमी आला म्हणून वाचनालयाच्या दारातच थोबाडीत मारली. केतकी मध्ये पडली. त्यानंतर तिनं वाटाड्याच्या कंपनीशी भांडून आकडा झाकून टाकायला लावला. पालकांना नको, शिक्षकांना नको, आम्हालाही नको. मुलाला पुस्तक मिळू दे, बास. तिचं पाहून जिल्ह्यातल्या बाकीच्या वाचनालयांनीही तेच केलं. आयुष्यात एक धड काम केलं असेल तर ते हेच, असं ती सन्मतीला, तिच्या नवऱ्याला, कितीदा तरी म्हणाली होती.

तासगावहून परतताना गाडीत केतकी आरशातून मागे बघत होती. जुई मागच्या सीटवर झोपली होती. रोज डोळ्यांसमोर वाचणारी पोर काय वाचते हे आपल्याला कळू कसं नये, याचंच तिला नवल वाटत होतं. पण पाटी ही पाटीच. तिला जाडी नसते, मुखपृष्ठ नसतं. लांबून दिसायची ती वाचनात रमलेली मुलगी. प्रगतिपुस्तकातला शेराही दर खेपेला तोच: आनंदाने शिकते. आता बाकीच्या गोष्टी एकेक करून तिच्या ध्यानात येऊ लागल्या. जुईच्या हातून हल्ली कप निसटत. जिना उतरताना ती खाली बघत नसे, पायानं पायरी चाचपत असे. उंची वाढतेय, पोर धांदरट झालीय, असं म्हणून केतकीनं ते सोडून दिलं होतं.

कंपनीचा जिल्ह्याचा माणूस म्हणजे निरंजन हुल्याळकर. सभ्य, मऊ बोलणारा, केतकीला फार मानणारा. आकडा दाखवायला तो आधी तयार होईना. नियम तुमचाच आहे मॅडम, असं दोनदा म्हणाला. शेवटी ग्रंथपाल म्हणून नव्हे, आई म्हणून लेखी मागितल्यावर त्यानं जुईची रेघ पडद्यावर आणली. दुसरीपासून चौथीपर्यंत ती सरळ वर चढली होती. चौथीच्या मे महिन्याच्या सुट्टीत ती थांबली, आणि तिथून खाली. कुठे कडा नाही, खड्डा नाही. टेकडीची उतरण असावी तशी, सहा वर्षांच्या वाचनवयापर्यंत.

"आणि ही वरची हिरवी?" केतकीनं विचारलं.

ती समाधानाची रेघ, निरंजन म्हणाला. मूल हसतंय का, पुस्तक मध्येच टाकतंय का, यावरून ती काढतात. जुईची रेघ वरच्या टोकाला सपाट होती. एकदाही हललेली नव्हती. सगळ्या जिल्ह्यात इतकी चांगली रेघ मोजक्याच मुलांची आहे, हे त्यानं सांगून टाकलं, आणि मग आपण काय बोललो हे कळून तो खाली बघत राहिला.

पुण्याच्या डॉक्टर फरीदा मुजावर लहान मुलांच्या मेंदूच्या आजारांवर काम करत. त्यांनी जुईला पेनाच्या टोकाकडे बघायला सांगितलं. टोक डावीउजवीकडे नेलं तर जुईची नजर सहज मागे गेली. वर-खाली नेलं तर डोळे जागच्या जागी राहिले आणि जुईनं मानच हलवली. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवला. तपासण्यांचे निकाल यायला काही आठवडे लागले, पण त्यांना काय ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांनी जुईला खेळायला बाहेर पाठवलं नि दार लावून घेतलं.

निकाल आल्यावर त्यांनी सगळं नीट सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीत एक मोरी असते, वापरून झालेली चरबी त्या मोरीतून निघून जाते. जुईच्या पेशींमधली मोरी जन्मापासूनच अरुंद. चरबी साठत जाते आणि सगळ्यांत आधी मेंदू गुदमरतो. त्यातही नजर वर-खाली नेणारं केंद्र फार नाजूक, ते पहिल्यांदा जातं. मग वाचन, मग बोलणं, चालणं, गिळणं. अलीकडे एक औषध निघालंय. ते मोरी मोकळी ठेवतं, पण मेलेल्या पेशी परत आणत नाही. ते फार लवकर सुरू करावं लागतं.

"लवकर म्हणजे कधी?" सन्मतीनं विचारलं.

"नजर अडखळायला लागल्यापासून काही महिन्यांत." केतकीनं आणलेला त्या रेघेचा कागद डॉक्टरांनी पुढे ओढला. "तिच्या पाटीनं ते दीड वर्षापूर्वी टिपलंय. पण पाटीला वाटलं, पुस्तक कठीण आहे. तिनं सोपं दिलं."

परतीच्या वाटेवर सन्मतीनं कराडजवळ गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून तो रडला. जुई मागून विचारत राहिली, बाबांना काय झालं. डोकं दुखतंय, असं केतकीनं सांगितलं.

औषध सुरू झालं. त्यानं उतरण जरा संथ होईल, एवढंच डॉक्टर म्हणाल्या होत्या. केतकीला संथ उतरण नको होती. घरी आल्या आल्या तिनं वाटाड्याची पाटी कपाटात कोंबून कुलूप घातलं आणि वाचनालयाच्या माळ्यावरची जुनी छापील पुस्तकं घरी आणली. अकरा वर्षांच्या मुलांची: जहाजांची, शोधांची, शाळेतून पळून जाणाऱ्या पोरांची. वापरला नाही तर हातपायही आखडतात, मेंदूचंही तसंच असणार, असा हिशेब तिनं मनाशी बांधला. रोज शाळेतून आल्यावर जुईनं समोर बसून वाचायचं. पहिले काही दिवस जुई रडली. ओळी एकमेकींत शिरतात म्हणाली, पाटी मागू लागली, जेवेना. सन्मती म्हणाला, तिला छळू नकोस. केतकीनं त्याला स्वयंपाकघरात नेऊन दबक्या आवाजात सुनावलं, की तुला हातपाय गाळून बसायचं असेल तर बस, मी बसणार नाही.

आणि मग खरंच फरक पडला. जुई रडायची थांबली. पुस्तक घेऊन शहाण्यासारखी बसू लागली. एक पान संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. काय वाचलंस असं विचारलं की सांगायचीही: जहाज कसं बुडालं, मग एक मुलगी पोहत कशी आली. गोष्ट पुस्तकातल्यापेक्षा थोडी निराळी असायची, पण मुलं सांगतात तशीच. केतकीनं डॉक्टरांना फोन करून कळवलं. त्या हं, हं म्हणत ऐकत राहिल्या. त्या आठवड्यात केतकी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. ताईलाही फोनवर म्हणाली, तू बघच, मे महिन्यापर्यंत ती वर्गातल्या मुलांच्या बरोबरीनं वाचेल.

एका रविवारी सन्मती दारात उभा राहून बराच वेळ दोघींकडे बघत होता. जुई खेळायला गेल्यावर तो केतकीजवळ येऊन बसला.

"ती वाचत नाहीये," तो म्हणाला. "ती तुझ्या तोंडाकडे बघते. तुझी भुवई जरा वर गेली की पान उलटते."

केतकीनं त्याला खोटं ठरवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक जुईच्या हातात देऊन तिनं मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. ती वाट बघत राहिली. पान उलटल्याचा आवाज आलाच नाही. शेवटी तिनं वळून पाहिलं, तर जुई तिच्या पाठीकडे टक लावून बसली होती. चेहरा घाबरलेला. पान पहिलंच होतं.

केतकीनं पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. कुलूप उघडून पाटी आणून दिली. जुईनं ती छातीशी धरली नि लगेच हसली. पाटीनं क्षणभर तिचे डोळे न्याहाळले आणि ससा, कासव, फुगा असं एकेका शब्दाचं चित्रांचं पुस्तक पुढे ठेवलं. अगदी अचूक निवड. इतकी अचूक निवड केतकीला आयुष्यात कधी साधली नव्हती.

त्यानंतर केतकीला दुसरंच भूत लागलं. जिल्ह्यात हजारो मुलं या पाट्यांवर वाचतात. त्यांच्यात आणखी किती जुया असतील? ती निरंजनकडे गेली. ज्यांची रेघ खाली जातेय त्यांच्या घरी तेवढं कळवा, म्हणाली. त्यानं वर विचारलं. वरून उत्तर आलं की हे वाचनाचं यंत्र आहे, रोग शोधायचं नाही. रेघ खाली जायला शंभर कारणं असतात, उगीच शेकडो घरांत घबराट होईल. शिवाय आकडे झाकायचा करार खुद्द मगदूम मॅडमच्या आग्रहावरून झालेला आहे. निरंजननं हे वाचून दाखवलं आणि कागद तिच्या हातात दिला. वाचनालयाच्या कार्यकारिणीनंही हात वर केले.

दुसऱ्या दिवशी केतकीनं वाचनालयातल्या सगळ्या पाट्या गोळा करून आतल्या खोलीत बंद केल्या. दारावर तिनं कागद चिकटवला, की काही दिवस पुस्तकं बाईच सुचवतील. मग एकेका मुलाला वय विचारून त्या वयाचं छापील पुस्तक द्यायचं, समोर बसवायचं, दोन पानं मोठ्यानं वाचून घ्यायची. मुलं कुरकुरली, काही रडली. पालकांचे फोन कार्यकारिणीकडे जाऊ लागले. केतकी शब्दांकडे लक्षच देत नव्हती. ओळ संपून खालची ओळ येते तेव्हा डोळे उतरतात की मान उतरते, तेवढंच ती बघत होती.

जी मुलं वयाच्या मानानं फार मागे पडलेली दिसली, त्यांच्या घरी तिनं सांगितलं. त्यातली बहुतेक चांगली धडधाकट निघाली. नुसती मागे होती, आणि कुणाच्या अध्यात न मध्यात सुखानं वाचत होती. त्यातल्या एका मुलाला बापानं वाचनालयातून काढून क्लासला घातलं. पुढे तो रस्त्यात दिसला तेव्हा केतकीला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेला. हे तिच्या मनाला लागून राहिलं.

मनवा ऐवळे नऊ वर्षांची होती. तिनं तिसरीचं पुस्तक हातात घेतलं, पहिली ओळ वाचली आणि दुसऱ्या ओळीसाठी हनुवटी गळ्याला टेकवली. केतकीनं पेन वर-खाली नेऊन पाहिला. डोळे हलले नाहीत.

मनवाची आई वैजयंता मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात मुकादम होती. ती आली, ऐकून घेतलं आणि भडकली. माझी पोर दिवसभर वाचते, तिला पुस्तकांचा लळा आहे, तिला काय धाड भरलीय, असं म्हणून ती मुलीचा हात धरून निघून गेली. केतकी गोदामावर गेली. वैजयंतानं तिला बाहेरच उभं केलं. केतकी पुन्हा गेली. तिसऱ्या वेळेला ती जुईला बरोबर घेऊन गेली. तोवर जुईला आधाराशिवाय चालता येत नव्हतं, बोलणं जड झालं होतं.

"ही माझी मुलगी," केतकी म्हणाली. "हिलाही पुस्तकांचा लळा होता. दीड वर्ष ती माझ्यासमोर बसून हसत होती, आणि मी खूश होते. तुम्ही मला शिव्या द्या, पण पोरीला दाखवून आणा."

वैजयंता जुईकडे बघत राहिली. तिच्या हातांना हळद लागली होती, ते तिनं पदराला पुसले आणि जुईच्या ओठांच्या कडेची लाळ टिपली. कुठे जायचं ते सांगा, एवढंच म्हणाली.

डॉक्टर मुजावरांचा फोन आला तेव्हा केतकी जुईला मऊ भात भरवत होती. मनवाला जुईचा आजार नाही, त्या म्हणाल्या. मेंदूच्या मधोमध नजरेच्या केंद्रावर एक गाठ दाबून बसलीय. गाठ साधी आहे, वाढ हळूहळू होतेय. काढता येईल. आणखी सहा महिने गेले असते तर अवघड होतं. तुम्ही तिचा जीव वाचवलात केतकीताई.

केतकीनं बरं झालं म्हटलं. फोन ठेवला, जुईचं तोंड पुसलं, तिला नीट टेकून बसवलं आणि मोरीत जाऊन नळ सोडला. माझ्या पोरीला गाठ का नाही झाली, साधी, काढता येणारी, एवढंच तिच्या मनात येत होतं, आणि दुसऱ्याच्या मुलीच्या सुटकेवर असं जळणाऱ्या स्वतःची तिला किळस आली. सन्मतीनं दार वाजवलं तरी तिनं बराच वेळ उघडलं नाही.

मनवाची शस्त्रक्रिया चांगली झाली. कार्यकारिणीनं केतकीला सक्तीच्या रजेवर पाठवलं, पाट्या पुन्हा बाहेर आल्या, वाचनालय भरलं. डॉक्टर मुजावरांनी कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. विचार करण्यासाठी एक समिती नेमली आहे, असं तिकडून उत्तर आलं. निरंजननं नोकरी सोडली, असं पुढे कुणाकडून तरी कळलं.

उन्हाळ्यात एकदा वैजयंता मनवाला घेऊन घरी आली. मनवाच्या डोक्यावर नवे केस उगवत होते. तिला आता पाटीवर ठेवणार नाही, तुम्हीच सांगा तिनं काय वाचायचं, असं वैजयंता म्हणाली. केतकीनं मनवाला चार प्रश्न विचारले आणि आतून एक पुस्तक आणून दिलं. ते घेऊन पोर पायऱ्यांवरून धावत खाली गेली. केतकी कठड्याला धरून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग आत आली. जुई पलंगावर होती. पाटी उशाशी पडली होती. जुईच्या डोळ्यांवरून आता पाटीला काहीच काढता येत नव्हतं, त्यामुळे पडद्यावर नुसता रंग हलत होता.

केतकीनं पाटी बंद करून टाकली. माळ्यावरून आणलेल्या पुस्तकांचे गठ्ठे अजून भिंतीशी तसेच होते. तिनं त्यांच्यासमोर बसकण मारली आणि ती ते लावू लागली, इतकी वर्षं कपाटं लावायची तसे, वयांप्रमाणे. अकरा, बारा, तेरा. जी नव्हती ती तिनं मैत्रिणींकडून मागवली. आणि त्या दिवसापासून ती जुईशेजारी बसून मोठ्यानं वाचू लागली. जुईला किती कळतं हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आवाज ऐकते, एवढं नक्की, असं त्या म्हणाल्या होत्या.

बाराव्या वर्षाची पुस्तकं जूनमध्ये संपली. त्यात सायकलवरून पडणं होतं, रुसवे होते, पहिल्यांदा बोललेलं खोटं होतं. तेराव्याची पावसाळा ओसरेपर्यंत पुरली. जुई आता नळीनं जेवत होती. केतकीनं वाचायचा वेळ वाढवला. स्वयंपाकाला ताई येऊन राहिली. तिला आधी वाटलं, केतकीचं डोकं फिरलंय. मग तीही मटार सोलता सोलता दारात बसून ऐकू लागली. दिवाळी त्यांनी केली नाही.

एका संध्याकाळी सन्मती सौर पंपांचं दुरुस्तीचं काम आटोपून घरी आला. हात धुऊन तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि त्यानं जुईचे पाय मांडीवर घेतले. ते फार हलके झाले होते.

"आज कितवं वर्ष?" त्यानं विचारलं.

"सोळावं," केतकी म्हणाली. "गावाबाहेर शिकायला चाललीय मुलगी. आई स्टँडवर सोडायला आलीय."

जुईचा श्वास घरघरत होता, मध्येच थांबून पुन्हा सुरू होत होता. केतकीचा आवाज दिवसभर वाचून बसला होता. ती घोटभर पाणी प्यायली आणि तिनं अंगठ्यानं पुढची पानं चाळून पाहिली. बरीच उरली होती, आणि त्यानंतर सतरावं, अठरावं.

"वाच," सन्मती म्हणाला. "तिला गाडीत बसू दे."

केतकीनं पान सरळ केलं आणि ती वाचू लागली.